कापले आणि कापले जातील



आज मी हप्त्याबद्दलच बोलणार आहे, पण वाट जरा वेगळी आहे. आज बोलायचंय इंग्रजी क्रियापदांबद्दल. थांबा, लगेच आवाज बारीक करू नका. आपल्या प्रत्येकीच्या मोबाईलवर बँकेचे मेसेज येतात ना? त्यातले बरेच इंग्रजीत असतात. म्हणून हा विषय आपलाच आहे.

आधी माझी चूक सांगते. आमच्या आष्टी तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत मी बायांना मेसेज वाचायला शिकवत होते. त्यांना सोपं जावं म्हणून सांगितलं, "शब्दाच्या शेवटी ईडी ही अक्षरं दिसली की समजायचं, काम झालं." क्रेडिटेड म्हणजे जमा झाले, डेबिटेड म्हणजे कापले गेले. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मलाही बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात त्याच गटातल्या एका काकूंना 3 तारखेला मेसेज आला. त्यांनी चष्मा लावून शब्द शोधला : डेबिटेड. म्हणजे हप्ता गेला. आता खात्यात उरलंय ते आपलं, असं धरून त्यांनी बियाण्याच्या पिशव्यांसाठी पैसे काढले. 5 तारखेला हप्ता कापायला गेला, तर खात्यात पैसेच नाहीत. हप्ता परत गेला आणि वर दंड बसला. काकू मला म्हणाल्या, "पोरी, तूच तर सांगितलं होतंस." मी मेसेज पाहिला. त्यात होतं, 'विल बी डेबिटेड'. म्हणजे कापले जातील. चूक काकूंची नव्हती. अर्धा नियम शिकवणारीची होती.

तर आज तो नियम पूर्ण करते.

शाळेत आपण क्रियापदाची तीन रूपं पाठ करायचो. गो, वेंट, गॉन. पे, पेड, पेड. पहिलं रूप कामाचं नाव सांगतं. दुसरं, काम होऊन गेलं असं सांगतं. तिसरं मात्र एकटं काही ठरवत नाही. त्याच्या आधी कोणता शब्द आहे, त्यावर काळ ठरतो. 'हॅज बीन डेबिटेड' म्हणजे कापले गेले आहेत. 'विल बी डेबिटेड' म्हणजे कापले जातील. 'टू बी पेड' म्हणजे अजून भरायचे आहेत. आणि नुसतं 'पेड' लिहिलेलं असेल तर भरले.

हे अवघड वाटतं का? आपल्या मराठीत अगदी असंच आहे. 'पैसे कापले' म्हटलं की काम झालं. 'पैसे कापले जातील' म्हटलं की काम व्हायचंय. शब्द तोच, 'कापले'. पण पुढचं 'जातील' ऐकल्याशिवाय आपण घाबरत नाही. मराठीत तो छोटा शब्द मागून येतो, इंग्रजीत तो आधी येतो. एवढाच फरक. म्हणून डेबिटेड दिसलं की थांबा आणि त्याच्या आधी काय आहे ते वाचा.

आता तुम्ही म्हणाल, गोचं वेंट कसं झालं? मग जाचं 'गेली' कसं झालं? कर म्हणताना 'केलं', घे म्हणताना 'घेतलं', हो म्हणताना 'झालं', ये म्हणताना 'आली' हे आपल्याला कुणी पाठ करून घेतलं? कानावर पडलं आणि बसलं. उलट इंग्रजी एका बाबतीत सोपी आहे. आपण भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला, लाडू खाल्ले म्हणतो. तिथे सगळ्याला एकच, 'एट'. बाई गेली, बुवा गेला, पोरं गेली, सगळ्यांना एकच, 'वेंट'.

पण एका शब्दाचे अर्थ दोन होऊ शकतात, तेही बघा. 'वेंट' म्हणजे 'मी काल कड्याला गेले' हेही होतं आणि 'मी लहानपणी दर आठवड्याला कड्याला जायचे' हेही होतं. आपण 'गेले' आणि 'जायचे' असे वेगळे शब्द वापरतो. इंग्रजीत ते संदर्भावरून ओळखायचं. पोर्तुगीज भाषेतही आपल्यासारखी दोन रूपं आहेत. 'मी गेले' याला 'फुई', 'मी जायचे' याला 'ईआ'. आणि गंमत म्हणजे 'फुई'चा अर्थ 'मी होते' असाही होतो. म्हणजे गोंधळ प्रत्येक भाषेत थोडाफार आहेच.

पोर्तुगीज म्हटल्यावर दूरचं वाटलं ना? रोज डोक्यावर घेता ते घमेलं पोर्तुगीजांकडून आलेला शब्द आहे. कमरेची चावी, भाजीचा बटाटा आणि महिन्याचा पगार हेसुद्धा. पोर्तुगीज भाषेत 'पगार' हे क्रियापद आहे, अर्थ पैसे देणे, म्हणजे इंग्रजीतलं 'पे'. आणि थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज 1579 मध्ये गोव्यात आला. तो मराठी शिकला, मराठीत 'क्रिस्तपुराण' लिहिलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं. कोकणीचं व्याकरण त्याने पोर्तुगीज भाषेत लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये छापलं गेलं. परक्या मुलखातून आलेला माणूस आपली बोली शिकू शकला, तर आपल्याला मेसेजमधले दहा शब्द का येणार नाहीत?

आता कामाचे दोन शब्द अजून. 'सँक्शन्ड' म्हणजे कर्ज मंजूर झालं. 'डिस्बर्स्ड' म्हणजे रक्कम दिली गेली. मंजूर झालं म्हणून लगेच खर्चाचा बेत करू नका, आधी खात्यात बघा. आणि 'विल बी ब्लॉक्ड', म्हणजे खातं बंद केलं जाईल, असा मेसेज आला आणि खाली लिंक असली, तर ती दाबू नका. घाबरवण्यासाठी भामटे हेच रूप वापरतात. बँकेत जाऊन विचारा. ओटीपी कुणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा.

आमच्या गटात आता नवी पद्धत आहे. बैठकीत हप्ते गोळा झाले की प्रत्येकीने आपला एक मेसेज मोठ्याने वाचायचा. बाकीच्या विचारतात, "झालं, की होणार?" त्या काकू सगळ्यात आधी विचारतात. परवा तर माझ्याच मेसेजवर त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, आधीचा शब्द वाचा."

तुमच्याही गटात हे करून बघा.