अंधारातला आकडा



धामणगाव बढेला आल्या आल्या सरांनी विचारलं, "तू नक्की करतेस काय?" सर, मी प्रयोगशाळेतल्या यंत्रांचे प्रोग्राम लिहिते. द्रावणात प्रथिन किती, हे त्यातून 280 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडून मोजतात. प्रथिनातली ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही अमिनो आम्लं तो शोषतात. अ‍ॅब्सॉर्बन्स 1 आला तर दहावा भाग प्रकाश पार होतो, 2 ला शंभरावा, 3 ला हजारावा. तिथे यंत्राला जवळजवळ अंधारच दिसतो. माझा प्रोग्राम मात्र तिथेही तीन दशांश स्थळांपर्यंत आकडा छापायचा! एका संशोधक मुलीचा आठवडा त्यात वाया गेला. नमुना मोजून पातळ करायचा, हे पडद्यावर सांगणं माझं काम होतं. आता तिथे आकडा येत नाही, 'पातळ करा' येतं. ती मुलगी रागावली नाही. तेच जास्त लागलं.