विद्यार्थ्यांनी फ्रेंच का शिकावी?

(संस्थेच्या रेणापूर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



एका पालकांनी मला मध्यंतरी एक प्रश्न विचारला. त्यांची मुलगी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि अकरावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घ्यावी असे तिच्या मनात होते. ते म्हणाले, "सर, घरात उर्दू. शाळेत मराठी, हिंदी, इंग्रजी. मक्तबमध्ये अरबी. पाच भाषा झाल्या. रेणापूरच्या पोरीला ही सहावी कशाला?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आज जे बोलणार आहे, ते त्यांना द्यावयाचे राहिलेले उत्तर होय.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. फ्रेंचमध्ये गुण भरपूर पडतात म्हणून पुष्कळ विद्यार्थी ती घेतात. हे कारण मला पटत नाही. गुणांसाठी पाठ केलेली भाषा परीक्षेचा निकाल लागताच विसरते. भाषा शिकण्याचे खरे कारण वेगळे आहे. ते आपल्या इतिहासातच सापडते.

मदिनेत असताना पैगंबर साहेबांनी (स.) हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुदी लोकांची लिपी शिकण्यास सांगितले होते. त्यांच्याकडून येणारी पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत आणि वाचणारा खरेच सांगतो की नाही, याची खात्री नसे. जैद यांनी ती विद्या थोड्याच दिवसांत आत्मसात केली. पुढे पत्रे वाचण्याचे व लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले. आपले पत्र आपल्याला वाचता आले पाहिजे, हा यातला बोध आहे. परक्या भाषेच्या बाबतीत आपण आज कोणाकडून तरी पत्र वाचून घेणारेच आहोत. जगाची बातमी आपल्यापर्यंत येते ती इंग्रजी या एकाच मध्यस्थाकडून.

आता फ्रेंचच का? तर ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. आपल्या कित्येक घरांतील माणसे आखातात कामाला गेली. त्या काळी येणाऱ्या विमानपत्रांवर 'पार आव्हियाँ' असे दोन शब्द छापलेले असत. ते फ्रेंच आहेत, अर्थ 'विमानाने'. 1874 साली स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाची अधिकृत भाषा फ्रेंच आहे, म्हणून ते शब्द तेथे आले. आपल्या आया-बहिणींनी ती पत्रे उशाशी ठेवली, पण त्या दोन शब्दांचा अर्थ कोणी विचारला नाही.

त्याहून जवळचा दाखला उदगीरचा आहे. 1760 साली आपल्या या जिल्ह्यातील उदगीर येथे मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. मराठ्यांच्या बाजूने तोफखाना व कवायती पायदळ घेऊन लढणारा सरदार होता इब्राहिमखान गारदी. ही युद्धविद्या तो निजामाच्या पदरी असलेल्या बुसी या फ्रेंच सेनापतीच्या फौजेत शिकला होता. 'गारदी' हा शब्दही फ्रेंच 'गार्द' म्हणजे पहारेकरी यावरून आला असे मानतात. पुढे 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर हा माणूस सदाशिवरावभाऊंच्या बाजूने शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. विद्या फ्रेंचांची होती, पण इमान दख्खनचे होते. परक्याची विद्या शिकल्याने माणूस परका होतो अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी इब्राहिमखानाकडे पाहावे.

तलवारीनंतर लेखणीचा दाखला देतो. डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांचा जन्म 1908 साली हैदराबादेत झाला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्यांचे शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. पुढे पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी 1935 साली मिळवली. 1959 साली त्यांनी केलेला कुरआन शरीफचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध झाला आणि पैगंबर साहेबांचे (स.) दोन खंडांचे चरित्रही त्यांनी फ्रेंचमध्येच लिहिले. उर्दू माध्यमात शिकलेल्या दख्खनच्या एका विद्यार्थ्याने फ्रेंच वाचकांच्या हाती त्यांच्याच भाषेत कुरआन दिला. उर्दू माध्यमाच्या मुलांना पुढे वाट नाही असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आजच्या व्यवहाराकडे वळू. संयुक्त राष्ट्र संघाच्या सहा अधिकृत भाषा आहेत. त्यांतील अरबी आणि इंग्रजीची आपल्या मुलांना आधीच ओळख आहे. फ्रेंच ही तिसरी होऊ शकते. सेनेगल, बेनिन, आयव्हरी कोस्ट या आफ्रिकी देशांची राज्यभाषा फ्रेंच आहे. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया येथेही ती मोठ्या प्रमाणावर चालते. यांपैकी कित्येक देश मुस्लिमबहुल आहेत. आपले हाजी मक्केत त्यांच्या खांद्याला खांदा लावून नमाज पढतात. पण सलाम झाल्यावर पुढचे वाक्य बोलता येत नाही. याच देशांत भारताचा तांदूळ जातो आणि तिकडून कच्चा काजू भारतात येतो. त्या व्यवहारात पत्र लिहिणारा, करार वाचणारा माणूस लागतोच. तो आपल्या शाळेतून का जाऊ नये?

"पण ही भाषा अवघड असते ना?" असे मुले विचारतात. अवघड आहे, लिहितात एक आणि वाचतात दुसरे. तरीही आपल्या मुलांना काही गोष्टी आयत्या मिळालेल्या आहेत. फ्रेंच 'र' घशातून येतो, तो आपल्या 'ग़ैन'च्या अगदी जवळचा आहे. मक्तबमध्ये ज्याने तजवीद शिकली त्याला तो लवकर जमतो. नाकातले उच्चार उर्दूच्या नून-गुन्नाने शिकवलेलेच आहेत. उर्दूप्रमाणे फ्रेंचमध्येही दोनच लिंगे. आपली मेज स्त्रीलिंगी, त्यांचे टेबलही स्त्रीलिंगी. आणि आपले म्हातारे जसे ऐंशीला 'चार विसा' म्हणत, तसेच फ्रेंच माणूस ऐंशीला 'चार वीस' म्हणतो. पाच भाषा हे आपल्या मुलांवरचे ओझे आहे असे आपण समजत आलो. वास्तविक ते भांडवल आहे.

मात्र दोन पथ्ये सांगितलीच पाहिजेत. पहिले असे की, मराठी आणि इंग्रजी कच्ची ठेवून कोणी फ्रेंचच्या मागे लागू नये. ज्याला तहसीलमधला अर्ज नीट लिहिता येत नाही, त्याने पॅरिसच्या गोष्टी करू नयेत. दुसरे असे की, एकदा घेतली तर दोन वर्षांवर सोडू नये. मुंबई व पुणे येथे अलायन्स फ्रान्सेझ आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, हैदराबादेत इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ आहे. फ्रान्सच्या शिक्षण खात्यातर्फे 'डेल्फ' ही परीक्षा पायरीपायरीने घेतली जाते आणि तिचे प्रमाणपत्र कायमचे असते. रेणापुरात शिक्षक नाही हे खरे. पण लातूरला जाणाऱ्या पहिल्या पिढीला डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंग शिकवायला तरी रेणापुरात कोण होते?

शेवटी त्या पालकांविषयी. ते पुन्हा भेटले तेव्हा म्हणाले, "सर, पोरीने घेतली फ्रेंच. मी नाही म्हटले नाही." तिला गुण किती पडतील, मी सांगू शकत नाही. परंतु घरात जपून ठेवलेल्या एखाद्या जुन्या पत्रावरचे ते दोन शब्द तिने वडिलांना वाचून दाखवावेत आणि अर्थही सांगावा, एवढी माझी इच्छा आहे. तेवढे झाले तरी "सहावी कशाला?" या प्रश्नाचे उत्तर त्यांना घरातच मिळेल.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.