कार्लोस बुलोसान : गाजलेले पुस्तक आणि खाजगी पत्रे



कार्लोस बुलोसान हे फिलिपिनो लेखक १९३० साली सिॲटल बंदरात उतरले. बिनालोनान या गावच्या शेतकरी कुटुंबातला हा तरुण. त्याच्या देशावर त्या वेळी अमेरिकेचेच राज्य होते. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने तो परकीय नव्हता, आणि नागरिकही नव्हता! १९३३ साली कॅलिफोर्नियाने फिलिपिनो आणि गोरे यांच्यातील विवाहांवर कायद्याने बंदी घातली. पुढच्याच वर्षी फिलिपिनोंचा प्रवेश वर्षाला अवघ्या ५० माणसांपुरता मर्यादित झाला. मळ्यांना मजूर हवे होते, शेजारी नको होते.

१९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अमेरिका इज इन द हार्ट’ या आत्मकथेने बुलोसान यांना कीर्ती दिली. तीत इतर मजुरांचे अनुभवही त्यांनी स्वतःचे म्हणून गुंफले आहेत, असे अभ्यासक दाखवतात. यात लबाडी शोधणे व्यर्थ आहे. ज्या वर्गाला लेखणी मिळालेली नसते, त्याची कथा अशीच एकाच्या तोंडून येते. मात्र पुस्तकाच्या नावातील आशावादच तेवढा उचलून धरणाऱ्यांनी त्यांची खाजगी पत्रे अवश्य पाहावीत.

क्षयाने ग्रासलेले बुलोसान १९३६ पासून सुमारे दोन वर्षे लॉस एंजलिसच्या सरकारी रुग्णालयात होते. डाव्या विचारांच्या लेखिका सनोरा बॅब आणि त्यांची बहीण डोरोथी त्यांना पुस्तके आणून देत. शाळा अर्धवट राहिलेल्या या तरुणाचे खरे शिक्षण त्या खाटेवर झाले. कॅलिफोर्नियात फिलिपिनो असणे म्हणजे जणू गुन्हेगार असणे, ही वेदना मित्रांना लिहिलेल्या पत्रांत उघडपणे येते. मूक देशबांधवांना वाचा देण्यासाठी आपण लिहितो, असेही ते सांगतात.

१९५२ साली अलास्कात मासळी डबाबंद करणाऱ्या कामगारांच्या ‘लोकल ३७’ या युनियनचे वार्षिक त्यांनी संपादित केले. युनियनच्या पुढाऱ्यांना हद्दपार करण्याचे सरकारी प्रयत्न तेव्हा जोरात होते. १९४३ साली त्यांचा अभावमुक्तीवरील निबंध ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ने मोठ्या मानाने छापला होता; पण पुढे याच लेखकावर एफबीआयने पाळत ठेवली, हे नंतर मिळालेल्या फायलींवरून स्पष्ट झाले.

११ सप्टेंबर १९५६ रोजी सिॲटल येथे त्यांचे निधन झाले. मायदेशी परतणे घडलेच नाही. डोलोरेस फेरिया यांनी संपादित केलेली त्यांची पत्रे १९६० साली प्रसिद्ध झाली. मागे राहिलेल्या कागदांत हुक गनिमांवरील एक कादंबरीही होती. अमेरिकेत ती छापली जाण्यास १९९५ साल उजाडले.