गाडीतला चटका : आधी कारण शोधा, मग दुरुस्ती करा

(नभोवाणीवरील भाषणाची छापील प्रत)



आज मी पिकाविषयी बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते आपला माल बाजारात पोचवणाऱ्या गाडीविषयी. तुम्ही म्हणाल, साहेब शेतीखात्याचे, हे गाडीचे काय सांगणार? पण पिकावरचा रोग ओळखायची जी रीत, तीच गाडीतला बिघाड ओळखायची रीत आहे. पान करपलेले दिसले की आपण काय करतो? शेजाऱ्याने मारले ते औषध आपणही मारतो. मागाहून कळते, रोग नव्हताच, पोटॅश कमी पडले होते. औषध वाया, पैसा वाया आणि करपा तसाच. गाडीचेही असेच होते.

गेल्या पौषात माझ्यासमोर घडलेली हकिगत सांगतो.

आमच्या जुन्नर भागातले एक कांदा बागायतदार आहेत. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. त्यांची स्वतःची पिकअप आहे. रांगडा कांदा निघाला की रात्री गोण्या भरायच्या, माळशेज घाट उतरायचा, मुरबाड-कल्याणवरून पहाटे नवी मुंबईत तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात गाडी लावायची, असा त्यांचा रिवाज. गाडीवर गावातलाच एक पोरगा ड्रायव्हर. नात्याने भावकीतला, कामाला चोख, पण बिडी ओढायची सवय.

एके दिवशी आण्णांना ड्रायव्हरच्या सीटवर भाजल्याचा डाग दिसला. रेक्झिन वितळून आतला फोम पिवळा पडलेला. पोरगा शपथ घेऊन म्हणाला, "आण्णा, मी गाडीत बिडी ओढत नाही." आठवड्याने दुसरा डाग पडला. आण्णांनी पगारातून सीटचे पैसे कापले. तिसरा डाग दिसला तेव्हा त्याला कामावरून काढून टाकले. घरात म्हातारी आई, बायको, दोन लेकरे. गावात बोभाटा झाला, की बिडीपायी पोराने मालकाची गाडी जाळली असती.

नवा ड्रायव्हर माळकरी. बिडी नाही, तंबाखू नाही. आण्णांनी सीटला नवे कव्हर घातले. मेकॅनिकने "वायरिंग तापत असेल" म्हणून सीटखालची वायर बदलून दिली. तिसऱ्या खेपेला कव्हरवर पुन्हा डाग!

तेव्हा आण्णा माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, गाडीला कुणाची नजर लागली म्हणतात. तुम्ही एकदा बघा."

मी म्हणालो, "आण्णा, नजरेने रेक्झिन वितळत नाही. डाग पुसू नका, कव्हर काढू नका. आधी बघू."

डाग काय सांगतो?

बिडीचा डाग गोल असतो, कडा काळी असते, जवळपास राख सापडते. वायर तापली तर डाग आतून बाहेर येतो, खालची बाजू जास्त जळते. इथे तसे काहीच नव्हते. डाग म्हणजे एक बारीक, लांबट, तिरपी रेघ होती. सीटच्या डाव्या कडेवर ती पुढे खाली सुरू होत होती आणि मागे वर चढत गेली होती. वरचे रेक्झिन जळालेले, खालचा फोम मात्र थोडा आत गेला की धड. म्हणजे उष्णता वरून आली होती आणि हळूहळू सरकत गेली होती.

मग मी तीन प्रश्न विचारले. डाग कधी दिसतो? कुठे दिसतो? कधी दिसत नाही? तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, बरं का. गावात गाडी कडुनिंबाच्या सावलीत उभी असते, तिथे कधी डाग पडला नाही. मध्ये चार दिवस आभाळ होते, त्या खेपेलाही पडला नाही. डाग पडला तो तुर्भ्यालाच, आणि तोही कोरड्या उन्हाच्या दिवशी.

तुर्भ्याला काय होते? सकाळी माल उतरतो, विक्री होते. मग आडत्याकडून हिशेबपट्टी मिळेपर्यंत आणि रिकामे बारदान गोळा होईपर्यंत गाडी दुपारभर उभी. ड्रायव्हर कुठेतरी सावलीला आडवा होतो. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली. त्यानंतर ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरवण्यात आली. जिथे भातखाचरे आणि मिठागरे होती तिथे आता डांबर आणि काँक्रीट आहे. गाडी लावायला जागा मिळते, पण झाडाची सावली मिळेलच असे नाही.

जागेवर जाऊन पाहणी

पुढच्या खेपेला मी गाडीबरोबर गेलो. गाडी नेहमीच्या ठिकाणी, नेहमीसारखी उत्तरेला तोंड करून लावायला सांगितली. बॅटरीची वायर काढून ठेवली, म्हणजे विजेचा संशयच नको. काचा बंद केल्या. सीटच्या कडेवर काळा कागद अंथरला आणि आम्ही बाहेर उभे राहिलो.

दुपारी तीनच्या सुमारास ऊन डाव्या खिडकीतून आत आले. दोन सीटच्या मधल्या फटीत पाण्याची बाटली उभी होती. शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली धुऊन तीत पिण्याचे पाणी भरलेले. गावातून निघताना ती भरायची ही आण्णांच्या घरची पद्धत, ड्रायव्हर कोणीही असो. बाटलीच्या गोल खांद्यावर ऊन पडले आणि पलीकडे काळ्या कागदावर चण्याएवढा लखलखीत ठिपका उमटला. थोड्याच वेळात त्या जागी धुराची बारीक रेघ निघाली. आण्णांनी कपाळाला हात लावला.

हे कसे घडते ते समजून घ्या. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळला आहे. पाण्याने भरलेली गोल बाटली म्हणजे भिंगच. पाणी उन्हाचे किरण वाकवते आणि एका ठिकाणी गोळा करते. बाटलीची रुंदी ११ सेंटिमीटर असेल, तर बाटलीच्या मागच्या बाजूपासून साधारण पाच-साडेपाच सेंटिमीटरवर हा ठिपका सर्वांत तीव्र असतो. आमच्या गाडीत सीटची कड नेमकी तेवढ्याच अंतरावर होती. बाटली रिकामी असेल तर असे होत नाही.

रेघ तिरपी का होती? सूर्य मावळतीकडे सरकतो आणि खाली उतरतो. किरण बाटलीतून पलीकडे जातात म्हणून ठिपका उलट चालतो. सूर्य जसा खाली, तसा ठिपका वर. जळालेली रेघ म्हणजे सूर्याच्या वाटचालीचीच खूण होती. बिडी अशी रेघ ओढत नाही.

आणि थंडीतच का? आपल्याला वाटते चटका चैत्र-वैशाखातच बसायचा. पण वैशाखात दुपारी ऊन बरेचसे टपावर पडते. पौषात सूर्य कललेला असतो, त्यामुळे तीन वाजताच ऊन खिडकीतून तिरपे थेट आत शिरते. हवा थंड असली तरी भिंगाला त्याचे काही नाही.

ही काही एका गाडीची नवलाई नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात २०१७ साली एका वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याला आपल्या उभ्या गाडीत धूर दिसला. तिथेही पाण्याच्या बाटलीनेच सीटला भोके पाडली होती.

बाहेरून येणारा चटका

कधी भिंग गाडीत नसते, समोर उभे असते. लंडन शहरात २०१३ साली एका नव्या उंच इमारतीच्या आत वळलेल्या काचेच्या भिंतीवरून ऊन परतून रस्त्यावर एकवटले. तिथे लावलेल्या एका मोटारीचा आरसा आणि पत्र्याचे भाग वाकले. पुढे त्या इमारतीला झडपा बसवाव्या लागल्या. नवी मुंबईतही आता काचेच्या इमारती पुष्कळ आहेत. सपाट काच ऊन नुसते परत पाठवते, गोळा करत नाही. आत वळलेली काच गोळा करते. गाडीच्या बाहेरचा प्लॅस्टिकचा भाग इंजिनापासून दूर असूनही वाकला, तर त्या वेळी त्या जागी उभे राहून आजूबाजूला नजर टाका. जिथून डोळे दिपतात तिकडे कारण सापडेल.

इतर चटके कसे ओळखावेत?

प्रत्येक डाग बाटलीचाच असतो असे मात्र समजू नका. उलट बाकीची कारणे जास्त धोक्याची आहेत.

१. बॅटरीजवळचे प्लॅस्टिक वितळले असेल तर टर्मिनल सैल आहे का पाहा. सैल सांधा तापतो. त्यावर पांढरा-हिरवा भुरा साचला असेल तर साफ करून घट्ट बसवा. वायर काढताना आधी ऋण टोकाची काढा.

२. वायरच्या लांबीभर आवरण मऊ पडले असेल तर त्या वायरीतून झेपण्यापेक्षा जास्त वीज जात आहे. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची खोड सोडा. फ्यूज म्हणजे बंधाऱ्याचा सांडवा. सांडवा बुजवला तर पाणी बंधारा फोडते. फ्यूज त्याच आकड्याचा घाला.

३. वायर एकाच ठिकाणी उघडी पडली असेल आणि दातांच्या खुणा असतील तर ते काम उंदरांचे. गोठ्याशेजारी किंवा धान्याजवळ गाडी ठेवणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहावे.

४. एकच चाक तापते, करपट वास येतो, तर ब्रेक चिकटतो आहे. चाकाला हात लावू नका. दोन थेंब पाणी शिंपडा, चरचरले तर गॅरेज गाठा. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, नुसत्या ब्रेकवर सोडू नका.

५. गाडीखालून चटका असेल तर सायलेन्सरच्या नळीला पाचट, गवत, सुतळी अडकली आहे का पाहा. एप्रिल २०२० पासून आलेल्या बहुतेक नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी गाळण्याची जाळी असते. ती काजळी जाळताना नळी फारच तापते. अशी गाडी कडब्यावर किंवा वाळल्या गवतावर कधीही उभी करू नका.

बंद गाडी म्हणजे भट्टी

एवढ्यावर एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. भिंग नसले तरी बंद गाडी फार तापते. अमेरिकेतल्या एका पाहणीचे निष्कर्ष २००५ साली छापून आले. बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढले आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाहेर ३५ अंश, तर आत ५५ च्या पुढे. "पट्टी घेऊन आलोच" म्हणून लेकराला किंवा म्हाताऱ्या माणसाला बंद गाडीत बसवून जाऊ नका. पाच मिनिटांची पंधरा मिनिटे कधी होतात ते बाजारात कळत नाही.

तीच गोष्ट औषधांची. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ट्रायकोडर्मा यांची पाकिटे जिवंत असतात. बंद गाडीत दुपारभर ठेवली तर आतले जिवाणू आणि बुरशी मरतात आणि तुम्ही बियाण्याला नुसती माती चोळता. जनावरांच्या लशीचेही तेच. कीटकनाशकाची बाटली, सिगारेट लायटर, फवाऱ्याचा दाबाचा डबा हेही केबिनमध्ये ठेवू नका.

गाडी सोडण्यापूर्वी एवढे करा

● पाण्याची बाटली सीटखाली, पिशवीत किंवा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.
● डाग दिसला तर तो दुरुस्त करण्यापूर्वी नीट पाहा; तारीख, वेळ, जागा आणि गाडीचे तोंड कुठे होते ते वहीत लिहा.
● डाग कधी पडत नाही, हेही लिहा.
● एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कारण कोणते ते कळणार नाही.
● धूर दिसला तर आधी माणसे बाहेर काढा. आग बारीक असेल तरच कोरडी माती किंवा वाळू टाका. वायरच्या किंवा तेलाच्या आगीवर पाणी ओतू नका. बॉनेट एकदम उघडू नका, वारा लागून भडका उडतो. आग मोठी असेल तर दूर व्हा आणि अग्निशमन दलाला कळवा.

आता त्या पोराचे काय झाले ते सांगून संपवतो. आम्ही परतलो त्या रात्री आण्णा घरी न जाता गाडी थेट त्याच्या दारात घेऊन गेले. पगारातले कापलेले पैसे त्याच्या आईच्या हातात ठेवले आणि म्हणाले, "वहिनी, चूक माझी होती." पोरगा लगेच काही बोलला नाही. दोन दिवसांनी कामावर आला. आता तुर्भ्याला गाडी लावली की बाटली आधी सीटखाली जाते.

नव्या ड्रायव्हरला आण्णांनी ट्रॅक्टरवर घेतले. पण गावात जे बोलले गेले, ते काही पैशासारखे परत देता आले नाही. म्हणून सांगतो मंडळी, यंत्र बिघडो की पीक करपो, माणसाला दोष देण्याआधी डाग नीट बघा.