शेततळ्याचें अनुदान



बारामती हें नांव ऐकतांच शहरांतील माणसाच्या डोळ्यांपुढें उंसाचे मळे उभे राहतात. हें चित्र खोटें नाहीं, पण अर्धें आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला आणि बारामती व इंदापूर तालुक्यांतील अनेक गांवांचें दैव पालटलें. परंतु कालव्याचें पाणी उतारानें जातें, चढावरच्या गांवांस तें पोहोंचत नाहीं. सुप्याच्या बाजूचीं, तशींच लाकडी-निंबोडीकडचीं गांवें वर्षानुवर्षें पावसावरच अवलंबून राहिलीं. आणि ह्या मुलुखांत पाऊस वर्षाकांठीं सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोहि लहरी!

अशा जिरायत शेतकऱ्यासाठीं सरकारनें २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढली. कल्पना सरळ होती. रानांतून वाहून जाणारें पावसाचें पाणी तेथेंच अडवावें आणि पावसानें ताण दिला असतां तें पिकास द्यावें. ३० मीटर लांब, तितक्याच रुंद आणि ३ मीटर खोल अशा तळ्यांत सुमारें वीस लाख लिटर पाणी मावतें. त्यास ५०,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरलें; २०२२ सालीं ही मर्यादा ७५,००० रुपये करण्यांत आली.

आतां हा पैसा हातीं कसा येतो तें पाहूं. अर्ज, जागेची पाहणी, खोदाई, मोजमाप आणि शेवटीं बँकेच्या खात्यांत रक्कम, असा हा क्रम आहे. म्हणजे यंत्राचें भाडें शेतकऱ्यानें आधीं भागवावयाचें. ज्याच्या गांठीला पैसा आहे त्यास हें जड नाहीं. ज्याच्यापाशीं नाहीं, त्यानें एक तर कर्ज काढावें, नाहीं तर अर्जच करूं नये.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. मोजमाप होतें तें खड्ड्याचें. त्यांत पाणी कोठून आलें हें अनुदानाच्या हिशेबांत येत नाहीं. मुरमाड जमिनींत पाणी ठरत नाहीं, म्हणून तळ्यास प्लॅस्टिकचें अस्तर घालतात. शेतकरी त्यास ‘कागद’ म्हणतात. पुष्कळ ठिकाणीं कांठ जमिनीहून उंच बांधलेले असतात, त्यामुळें वाहतें पाणी आंत शिरत नाहीं. मग विहिरीचें किंवा विंधणविहिरीचें पाणी पंपानें उपसून तळें भरलें जातें. भूगर्भांतील पाणी शेजाऱ्यापाजाऱ्यांचें सामाईक. तें एकाच्या तळ्यांत येतें आणि उन्हानें त्यांतील बराच भाग उडून जातो. संधारणासाठीं दिलेला पैसा अशा वेळीं उपशास हातभार लावतो.

यांत शेतकऱ्यास दोष देणें सोपें आहे. पण डाळिंबाची किंवा द्राक्षाची बाग उभी करण्यांत ज्याचीं कित्येक वर्षें गेलीं, तो वैशाखांत ती डोळ्यांदेखत वाळूं देईल काय? त्याच्या जागीं आपण असतों तर आपणहि हेंच केलें असतें. सुधारणा हवी ती अटींत. तळ्यास पावसाचें पाणी येण्याची वाट व गाळ अडविण्याचा खड्डा आहे काय, हें पाहून रक्कम द्यावी. लहान शेतकऱ्यास कांहीं हप्ता आगाऊ मिळावा. आणि गांवच्या पाण्याचा ताळेबंद आधीं मांडावा. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें असा ताळेबंद मांडून पिकें ठरविलीं आणि शेतीसाठीं विंधणविहिरी घेण्यास बंदी केली. सरकारी पैशास गांवच्या शिस्तीची जोड मिळाली कीं काय साधतें, तें तेथें दिसतें.

हें अनुदान आपणां सर्वांच्या करांतून जातें. तेव्हां तळीं किती झालीं एवढेंच न विचारतां, तीं कोणाच्या पाण्यानें भरलीं हेंहि शहरांतील नागरिकांनीं विचारलें पाहिजे.