सात नंबरचा रॉब आणि घरातली लिंडसे



मागच्या प्रभाग संघाच्या बैठकीत हजेरी झाली, जमाखर्च वाचून झाला, चहा यायचा होता. तेवढ्यात एकीच्या मोबाइलवरचा व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी माना वाकवून पाहिला. परदेशातला रस्ता, दोन्ही बाजूंना लोकांची दाटी. एक गडी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ढकलत पळत येत होता. शेवटची रेघ चार पावलांवर आली आणि तो थांबला. खाली वाकून त्यानं खुर्चीतल्या माणसाला दोन्ही हातांवर उचललं, तसाच चालत रेघेच्या पलीकडं गेला आणि त्याच्या गालाचा मुका घेतला.

कुणी म्हणालं, भाऊ असतील. कुणी म्हणालं, बाप असेल. दोन्ही नव्हतं. एका संघातून वर्षानुवर्षं खेळलेले ते दोस्त होते. खुर्चीतला रॉब बरो, उचलणारा केविन सिनफिल्ड. गाव इंग्लंडमधलं लीड्स, तारीख 14 मे 2023. आम्हाला त्या दोघांचं एवढं वाटलं, की घरी जाऊन आम्ही शोधलं, वाचलं. त्यातलंच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी त्यांचा खेळ सांगतो. त्याचं नाव रग्बी लीग. आपल्या कबड्डीत चढाईला आलेल्याला धरतात ना, तसं यात चेंडू घेऊन पळणाऱ्याला समोरचे धरून जमिनीवर पाडतात. एका बाजूला 13 खेळाडू. साथीदाराला चेंडू फेकायचा तर मागं किंवा बाजूला, पुढं फेकायचा नाही. सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्या संघाकडं जातो. अंगावर ना लोखंड ना गादी, माणसावर माणूस आदळतो.

या खेळाचा जन्म कसा झाला ते वाचून तर आम्ही हसलोच. उत्तर इंग्लंडमध्ये कोळशाच्या खाणी आणि कापडाच्या गिरण्या होत्या. तिथले कामगार शनिवारी रग्बी खेळायला गेले, की त्यांचा कामावर खाडा पडायचा. क्लबवाले म्हणाले, त्यांची बुडालेली रोजी आम्ही देतो. दक्षिणेकडच्या पैसेवाल्या साहेबांनी ते नाकारलं. खेळ हौसेनं खेळायचा, त्याचे पैसे कसले, असं त्यांचं म्हणणं. ज्याच्या घरी चूल पेटायची चिंता नाही त्याला हे बोलायला काय जातं! शेवटी 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब बसले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. खाड्याचे दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग द्यायचे ठरले. या वेगळ्या चुलीचंच पुढं रग्बी लीग झालं. खाड्याची ही गोष्ट ध्यानात ठेवा, आम्ही तिच्याकडं परत येणार आहोत.

रॉबचा जन्म याच पट्ट्यातला, पाँटिफ्रॅक्ट गावचा, 26 सप्टेंबर 1982 चा. उंची पाच फूट पाच इंच. आपल्या गावात ही उंची कुणाच्या डोळ्यात येणार नाही, पण त्या खेळात समोर शंभर शंभर किलोचे गडी असतात. अख्ख्या स्पर्धेतला सगळ्यात बुटका खेळाडू म्हणून त्याची ओळख होती. हा लहानगा टिकायचा नाही, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. तो 2001 साली लीड्स ऱ्हायनोज संघात आला आणि 2017 पर्यंत तिथंच राहिला. दुसऱ्या क्लबात गेला नाही. एका क्लबासाठी 492 सामने. वरच्या स्पर्धेचा अंतिम सामना आठ वेळा जिंकलेल्या संघात तो होता. इंग्लंडकडून खेळला, ग्रेट ब्रिटनकडूनही खेळला. पाठीवरचा नंबर सात.

त्याची एक धाव लोक अजून काढून काढून बघतात. साल 2011, मँचेस्टरच्या मैदानावर सेंट हेलेन्सविरुद्ध अंतिम सामना. रॉब सुरुवातीपासून खेळत नव्हता, मधूनच उतरला. चेंडू हातात आला आणि एक धिप्पाड गडी धरायला पुढं झाला, तर हा त्याच्या हाताखालून वाकून निसटला. आपली पोरं कुंपणाच्या तारेखालून निसटतात तसा. मग एकाला डावीकडं चकवलं, एकाला उजवीकडं, आणि अर्धं मैदान एकटा पळत जाऊन चेंडू टेकवून आला. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड करणाऱ्या सगळ्यांनी त्याचंच नाव दिलं. उंची कमी होती म्हणून तर त्या हाताखालून जाता आलं, असं आमच्यातली एक म्हणाली. खरंच आहे.

त्या संघाचा कप्तान होता केविन सिनफिल्ड, व्हिडिओतला तोच. शांत, मोजकं बोलणारा.

खेळ सोडून दोन वर्षं होतात न होतात, तोच रॉबची जीभ जड व्हायला लागली. बोलताना शब्द अडखळायचे. डिसेंबर 2019 मध्ये डॉक्टरांनी निदान सांगितलं, मोटर न्यूरॉन आजार. तेव्हा तो 37 वर्षांचा होता. घरी दोन मुली आणि एक मुलगा, धाकटा तर अगदीच लहान.

या आजाराचं थोडं सांगतो, कारण तो आपल्याकडंही होतो. मेंदूकडून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या ज्या नसा असतात, त्यांच्या पेशी हळूहळू मरतात. मग हात उचलत नाही, पाय उचलत नाही, बोलणं जातं, गिळणं जातं, शेवटी श्वास घ्यायला त्रास होतो. डोकं मात्र बहुतेकांचं शाबूत असतं, सगळं ऐकू येतं, कळतं. बरं करणारं औषध अजून नाही. औषधानं आजाराची चाल थोडी मंद करता येते, एवढंच. हा संसर्गानं पसरत नाही आणि करणीनं तर मुळीच होत नाही. कुणाचं बोलणं विनाकारण लडबडायला लागलं, एका हातातली ताकद जाऊन मांस झडायला लागलं, तर देवऋषाकडं फेऱ्या मारू नका, जिल्ह्याच्या दवाखान्यात नसांच्या डॉक्टरला दाखवा. प्रत्येक वेळी हाच आजार निघतो असं नाही. पुष्कळदा दुसरं, बरं होणारं काही निघतं, म्हणून तर दाखवायचं.

निदान झाल्यावर लगेच, 12 जानेवारी 2020 ला, लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर एक सामना ठेवला गेला. स्टेडियम गच्च भरलं होतं. शेवटच्या काही मिनिटांसाठी रॉब सात नंबरचा सदरा घालून उतरला. मैदानावर खेळाडू म्हणून ते त्याचं शेवटचं पाऊल.

केविननं त्याच वर्षी डिसेंबरात, 1 ते 7 तारखेला, सात दिवसांत सात मॅरेथॉन पळायचं ठरवलं. रॉबचा नंबर सात म्हणून सात. एक मॅरेथॉन म्हणजे 42 किलोमीटर. आपल्यातल्या कितीतरीजणींचं गाव ते तालुका येऊन जाऊनही तेवढं भरणार नाही, आणि हा ते रोज पळणार. आजारावरच्या कामासाठी 77,777 पौंड गोळा करायचे होते. तेव्हाच्या भावानं पौंडाला साधारण शंभर रुपये धरा, म्हणजे 77 लाखांच्या वर. लोकांनी 20 लाख पौंडांहून जास्त दिले. पुढच्या वर्षी तो 24 तासांत 101 मैल पळाला. 2022 मध्ये एडिंबरापासून मँचेस्टरपर्यंत पुन्हा सात दिवस. आणि मग 2023 ची ती लीड्सची मॅरेथॉन. ती रॉबच्याच नावानं भरवली होती आणि 42 किलोमीटर केविननं त्याला खुर्चीतून नेलं.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. आम्हाला मात्र व्हिडिओ दुसऱ्यांदा बघताना वेगळंच मनात आलं. हा खुर्चीतला माणूस सकाळी उठवला कुणी? त्याला आंघोळ कुणी घातली, कपडे कुणी चढवले, घास कुणी भरवला?

तर ती लिंडसे, त्याची बायको. पोरवयापासूनची ओळख, 2006 साली लग्न. ती सरकारी आरोग्य सेवेत फिजिओथेरपिस्ट. म्हणजे दिवसा दुसऱ्यांचे हातपाय हलवायला शिकवायची आणि घरी नवऱ्याचे एकेक बंद पडताना बघायची. बीबीसीनं त्यांच्या घरात जाऊन चित्रीकरण केलं, त्यात हे दिसतं. ती त्याला उचलते, भरवते, पोरांची दप्तरं बघते आणि नोकरीवरही जाते. ती कामावर असली की रॉबचे आईवडील त्याच्याजवळ येऊन बसायचे. म्हातारपणी आईनं चाळिशीच्या लेकाला पुन्हा घास भरवायचा, हे ज्या घरात घडतं त्यालाच कळतं. तू अजून तरुण आहेस, दुसरं कुणी शोध, असं रॉबनं तिला सांगितलं होतं. तिनं ते मानलं नाही. आणि ज्या मॅरेथॉनला केविन खुर्ची ढकलत होता, तीच मॅरेथॉन त्या दिवशी लिंडसेही पळली. ते आमच्या व्हिडिओत नव्हतं.

बोलणं गेल्यावर रॉब डोळ्यांनी बोलायचा. पडद्यावरच्या अक्षराकडं बघितलं की यंत्र ते अक्षर घेतं आणि वाक्य बोलून दाखवतं. आवाजही त्याचाच, जुन्या मुलाखतींवरून तयार केलेला. डिसेंबर 2022 मध्ये त्यानं टीव्हीवर लहान मुलांना झोपतानाची गोष्ट सांगितली, तीही डोळ्यांनी. असं यंत्र आपल्या घरात कुठून येणार? पण पुठ्ठ्यावर मुळाक्षरं ओळी ओळीनं मोठी लिहा. एकेका ओळीवर बोट ठेवत जा, हवी ती ओळ आली की रोग्यानं डोळे मिटायचे, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. वेळ लागतो, पण माणसाला काय हवंय ते कळतं. पाणी, कूस, दुखतंय, लघवी, लाइट बंद, असे रोजचे शब्द एका कोपऱ्यात लिहून ठेवा, म्हणजे दरवेळी जुळवत बसावं लागत नाही.

रॉब 2 जून 2024 ला गेला. वय 41. लीड्समध्ये या आजाराच्या रोग्यांसाठी त्याच्या नावाचं केंद्र उभं राहायचं ठरलं होतं, त्याचं बांधकाम नेमकं दुसऱ्या दिवशी सुरू झालं. अंत्ययात्रा 7 जुलैला निघाली, सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, आणि तो पोरसवदा असताना जिथं खेळला त्या भागातल्या रस्त्यांवर लोक दुतर्फा उभे होते.

आता खाड्याकडं येतो.

आमच्या एका गटात एक ताई आहेत. त्यांच्या मालकांना पक्षाघात झाला, अंथरुणाला खिळले. ताईंच्या लागोपाठ तीन बैठका चुकल्या. आम्ही नियमावर बोट ठेवलं आणि गैरहजेरीचा दंड लावला. त्यांनी काही न बोलता तो भरला. खुरपणीची रोजी बुडाली होती ती वेगळीच, आणि तिची नोंद आमच्या कुठल्याच वहीत नव्हती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या साहेबांना आम्ही हसलो होतो, आणि आम्ही तरी दुसरं काय केलं होतं?

व्हिडिओ बघितला त्याच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेतला. सोपं नव्हतं. दोघीतिघी म्हणाल्या, एकीला सूट दिली तर उद्या सगळ्याच कारणं सांगतील. त्यांचंही चुकीचं नाही, नियम सैल पडले की गट मोडतात हे आम्ही पाहिलंय. तासभर बोलणं झालं. शेवटी ठराव लिहिला: घरात अंथरुणावरचं माणूस असेल तर दंड नाही, हप्त्याला मुदत, आणि बैठक त्या घराच्या ओसरीवर. दिव्यांग प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज गटातली शिकलेली मुलगी भरून देणार. आठवड्यातून दोन दिवस दुपारी कुणीतरी पाळीनं जाऊन बसायचं, म्हणजे ताईंना रोजगारावर जाता येईल.

पहिले दोन आठवडे पाळ्या नीट झाल्या. तिसऱ्या आठवड्यात एक चुकली, कांदा काढणी आली होती. ताईंनी फोन केला नाही, आम्हालाच दुसऱ्या दिवशी कळलं. आता पाळीचा कागद दुकानाच्या दारावर लावलाय, नावं मोठ्या अक्षरात. येत्या मंगळवारी आमचीच पाळी आहे.