रांगेची प्रतिष्ठा

(शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना थोडे नवल वाटले असेल. पाणी, शाळा, रस्ते, पीककर्ज असे जिव्हाळ्याचे प्रश्न समोर असताना गाण्याच्या कार्यक्रमांच्या तिकिटांची चिंता कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, हा विषय वरवर मनोरंजनाचा दिसला तरी मुळात वाटपाचा आहे. वस्तू थोडी, मागणारे पुष्कळ, किंमत ठरलेली आणि वाटप रांगेने, अशी परिस्थिती जेथे जेथे असते तेथे तेथे रांग मोडून पुढे जाणारा दलाल उभा राहतो. खताच्या दुकानापासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत आपण त्यास ओळखतो. संगीताच्या कार्यक्रमात त्याची करणी अधिक उघडपणे दिसते, म्हणून तेथे ती अभ्यासणे सोयीचे, एवढेच.

हा व्यवसाय जुना आहे. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८६७ साली अमेरिकेत आपल्या पुस्तकांच्या जाहीर वाचनासाठी गेले, तेव्हा तिकिटांसाठी लोक कडाक्याच्या थंडीत रात्ररात्र रांगेत उभे राहिले. सट्टेवाल्यांनी त्याच रांगांत भाडोत्री माणसे उभी केली आणि तिकिटे अनेक पटींनी विकली. डिकन्स यांचे व्यवस्थापक जॉर्ज डॉल्बी यांनी बंदोबस्ताचे नाना प्रयत्न केले. पण फसलेल्या लोकांचा राग शेवटी त्यांच्याच डोक्यावर फुटला. आपल्याकडे चित्रपटगृहांच्या आवारात 'हाऊसफुल्ल'च्या पाटीखाली हलक्या आवाजात चढे दर सांगणारे 'ब्लॅकवाले' ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. फरक पडला तो साधनांत. भाडोत्री माणसाची जागा आता संगणकाच्या आज्ञावलीने घेतली आहे. या आज्ञावलीस 'बॉट' म्हणतात. माणूस आपले नाव टंकलिखित करीपर्यंत ती शेकडो मागण्या नोंदवून मोकळी होते. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे नमूद आहे की, 'यू-टू' या वाद्यवृंदाच्या एका कार्यक्रमाची विक्री डिसेंबर २०१४ मध्ये खुली झाली तेव्हा एकाच दलालाने एका मिनिटात १,०१२ तिकिटे घेतली. एका ग्राहकास चारच तिकिटे, असा नियम असताना हे घडले.

आता आपल्या दाराशी घडलेले उदाहरण घेऊ. 'कोल्डप्ले' या ब्रिटिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईतील डी. वाय. पाटील क्रीडागारात झाले. तिकीटविक्री 'बुकमायशो' या संस्थेमार्फत २२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी १२ वाजता सुरू झाली. संस्थेच्याच निवेदनानुसार सुमारे १ कोटी ३० लाख लोकांनी तिकिटांसाठी प्रयत्न केला. क्रीडागाराची आसने हजारांत मोजावयाची; तेव्हा बहुसंख्य रसिक निराश होणार हे उघडच होते. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार अशी की, अडीच हजार रुपयांपासून पस्तीस हजारांपर्यंत दर असलेली तिकिटे त्याच दिवशी अन्य संकेतस्थळांवर अनेक पटींनी, काही ठिकाणी लाखांच्या भावाने, दिसू लागली. आपला त्या संकेतस्थळांशी संबंध नाही, असे विक्रेत्या संस्थेने सांगितले व पोलिसांत तक्रारही दाखल केली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी आरंभिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने पाच शहरांत झडत्या घेतल्या. समाजमाध्यमांतून बनावट तिकिटेही विकली जात असल्याचे त्यातून पुढे आले. याचा अर्थ असा की, जादा पैसे मोजणाऱ्यास प्रवेशाची शाश्वती नव्हती आणि नियमाने रांगेत उभे राहणाऱ्यास तिकिटाची आशा नव्हती.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. मोठ्या कार्यक्रमांच्या तिकीटविक्रीस नियम घालून द्यावेत, अशी मागणी जनहित याचिकेत होती. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. असे नियम करणे हे विधिमंडळाचे व शासनाचे क्षेत्र आहे, हा त्या निर्णयाचा गाभा होता. न्यायालयाने आपली मर्यादा पाळली. पण त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची जबाबदारी कायदे करणाऱ्यांवर आणि ते राबविणाऱ्यांवर, म्हणजे आपल्यासारख्यांवर, येऊन ठेपली.

मित्रहो, काळाबाजारवाला कशावर जगतो हे नीट समजल्याशिवाय उपाय सुचणार नाही. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी नाट्यमहोत्सव आहे. आसने ६००, तिकीट २०० रुपये आणि येऊ इच्छिणारे ३,०००. या तीन हजारांपैकी काही जण एक हजार रुपयेही देतील. २०० आणि १,००० यांतील ही ८०० रुपयांची फट हे दलालाचे अन्न होय. यावर काही अर्थशास्त्री सुचवितात की, तिकिटाची किंमतच एक हजार करावी म्हणजे दलाल उपाशी मरेल. युक्तिवाद चोख आहे. परंतु दलालाबरोबर शाळामास्तर, कारकून आणि कॉलेजचा विद्यार्थीही त्या नाट्यगृहाच्या बाहेर राहील. कलावंत वा संयोजक जेव्हा किंमत मुद्दाम कमी ठेवतात, तेव्हा ते सामान्य रसिकास एक सवलत देत असतात. ती सवलत मधल्या मधे गिळंकृत होऊ न देणे हाच खरा प्रश्न आहे.

फट बुजविता येत नसेल, तर दलालाच्या हातातील हत्यारे काढून घ्यावयास हवीत. ती दोन: निनावी तिकीट आणि झाकलेला हिशेब.

प्रथम निनावी तिकिटाविषयी. ज्या तिकिटावर नाव नाही ते नोटेप्रमाणे या हातातून त्या हातात फिरते. ब्रिटनमधील ग्लास्टनबरी महोत्सवाने २००७ सालापासून खरेदीदाराची छायाचित्रासह पूर्वनोंदणी सक्तीची केली. तिकिटावर छायाचित्र असते व ते दुसऱ्यास देता येत नाही. ज्यास जाणे शक्य होत नाही तो ठरावीक मुदतीत तिकीट परत करतो आणि ती परत आलेली तिकिटे महोत्सवच मूळ दराने पुन्हा विकतो. कोल्डप्लेनेही आपल्या कार्यक्रमांसाठी अल्प दराची काही तिकिटे राखून ठेवली होती. मुंबईत ती २,००० रुपयांना, एका ग्राहकास दोनच, अशी देण्यात आली. आसन कोणते हे कार्यक्रमाच्या दिवशी खिडकीवर तिकीट हाती घेतानाच कळावयाचे. जे तिकीट आधी हातातच येत नाही ते विकणार कसे? साधी युक्ती, पण मर्मावर बोट ठेवणारी. महाराष्ट्र सायबर विभागानेही २०२४ मध्ये मोठ्या मागणीच्या कार्यक्रमांसाठी तिकिटावर नाव असावे व प्रवेशद्वारी ओळखपत्र तपासावे, अशा आशयाच्या सूचना दिल्या होत्या.

दुसरे हत्यार झाकलेल्या हिशेबाचे. मघाशी उल्लेखिलेल्या न्यूयॉर्कच्या अहवालातील सर्वांत बोलका आकडा बॉटचा नव्हेच. त्या अहवालाने तपासलेल्या कार्यक्रमांत सरासरी ५४ टक्के तिकिटे सर्वसामान्य विक्रीसाठी खुली झालीच नव्हती. त्यांपैकी १६ टक्के संयोजक, कलावंत व संबंधित मंडळींसाठी राखीव होती आणि ३८ टक्के पूर्वविक्रीत ठरावीक गटांना गेली होती. म्हणजे रसिक ज्या रांगेत उभा होता ती निम्म्याहून कमी तिकिटांसाठी होती आणि ही गोष्ट त्यास कोणी सांगितली नव्हती. आपल्याकडील सन्मानिकांचा विचार करा. किती सन्मानिका काढल्या, कोणास दिल्या आणि त्यांतील किती पुन्हा बाजारात आल्या, याची नोंद किती ठिकाणी मिळेल?

कायद्याच्या बाबतीत निरनिराळ्या देशांचे अनुभव उद्बोधक आहेत. अमेरिकेने २०१६ साली तिकिटे हडपणाऱ्या बॉटवर बंदी घातली. परंतु त्या कायद्याखालील पहिली कारवाई व्हावयास २०२१ साल उजाडले. मधल्या काळात कायदा पुस्तकातच राहिला. आयर्लंडने २०२१ च्या कायद्याने ठरवून दिलेल्या मोठ्या स्थळांवरील कार्यक्रमांची तिकिटे मूळ किमतीहून अधिक दराने विकणे हा गुन्हा ठरविला. ब्रिटिश शासनानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये अशाच बंदीचा मनोदय जाहीर केला. मला विशेष उल्लेखनीय वाटतो तो जपानचा कायदा. तो जून २०१९ पासून अमलात आला. चढ्या दराने पुनर्विक्री करण्याचा धंदा करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास वा दहा लाख येनपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात आहे. पण हे संरक्षण सरसकट सर्व तिकिटांना मिळत नाही. संयोजकाने खरेदीदाराचे नाव व संपर्क नोंदविला असेल, पुनर्विक्रीस मनाई असल्याचे तिकिटावर छापले असेल, दिवस आणि स्थान अथवा आसन निश्चित असेल, तरच. थोडक्यात, शासन संयोजकास सांगते की, तुझे घर तू आधी नीट बंद कर, मग चोराचे आम्ही पाहून घेऊ.

आपल्या देशातही असे उदाहरण आहे, आणि ते रेल्वेचे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४३ अन्वये परवानगीविना तिकिटे मिळवून पुरविण्याचा धंदा हा गुन्हा आहे व त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. संगणकावरून काढलेल्या तिकिटांनाही हे कलम लागू होते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. परंतु केवळ शिक्षेवर विसंबून न राहता रेल्वेने १ जुलै २०२५ पासून संकेतस्थळावरील तत्काळ तिकिटे आधार-प्रमाणित खातेदारांपुरती मर्यादित केली आणि अधिकृत एजंटांनाही पहिली तीस मिनिटे आरक्षणास मनाई केली. शिक्षा आणि व्यवस्था अशा दोन पायांवर हा बंदोबस्त उभा आहे.

या उपायांनाही दुसरी बाजू आहे, ती नजरेआड करून चालणार नाही. तिकिटावर नाव आले की, आजारी पडलेल्या माणसाचे पैसे बुडण्याची भीती येते. म्हणून मूळ दराने परत घेण्याची खिडकी नावाबरोबरच उघडली पाहिजे. ओळखपत्रे तपासावयाची तर प्रवेशद्वारी वेळ लागतो. त्यासाठी माणसे आणि दारे वाढवावी लागतात. ओळखपत्रांच्या प्रती गोळा करून ठेवण्याचे तर काहीच कारण नाही. पाहून परत देणे पुरे. आणि सर्व विक्री मोबाइलवर नेली, तर ज्याच्याकडे तो नाही अशा वृद्ध रसिकास रांगेत उभे राहण्याचाही अधिकार उरत नाही. दलालास अडविताना सज्जनाची वाट बंद होऊ नये, ही दक्षता प्रत्येक नियम करताना घ्यावी लागते.

आता आपल्यापुरते काय? लाखभर श्रोत्यांचे कार्यक्रम आपल्या गावी होणार नाहीत. पण नाट्यस्पर्धा, संगीतसभा, कुस्त्यांचे फड, शाळांची स्नेहसंमेलने आपल्याकडे होतात आणि त्यांच्या प्रवेशपत्रिका आपल्याच सहीने निघतात. अशा वेळी चार गोष्टी विनाखर्च करता येतात. एकूण आसने किती, सन्मानिका किती आणि विक्रीस किती, हे तिकीट खिडकीवरील फलकावर लिहावे. प्रवेशपत्रिकांस क्रमांक घालून नोंदवही ठेवावी. न वापरलेली तिकिटे मूळ दराने परत घेण्याची वेळ जाहीर करावी. आणि 'आपला माणूस' म्हणून मागील दाराने एकही पत्रिका देऊ नये. यांतील चौथी गोष्ट सर्वांत सोपी दिसते आणि सर्वांत अवघड जाते. शिक्षकांकडून अपेक्षा निराळी आहे. काळ्या बाजारातील तिकीट घेणे ही हुशारी नसून पुढच्या वेळी आपल्याच शेजाऱ्याची जागा लुटण्यासाठी दलालास दिलेले भांडवल आहे, एवढे विद्यार्थ्यांना पटवून दिले तरी पुष्कळ झाले. घेणारा आहे तोवर विकणारा राहणार.

रांगेत उभा राहणारा माणूस न बोलता एक करार मान्य करीत असतो: माझ्या आधी आलेला माझ्या आधी जाईल, आणि माझ्या मागचा माझ्या पुढे जाणार नाही. त्या रांगेत श्रीमंत आणि गरीब, अधिकारी आणि शिपाई एका ओळीत येतात. एखाद्या तरुणास गाण्याचे तिकीट मिळाले नाही तर त्याची एक संध्याकाळ हुकते, ती पुन्हा येईल. पण रांगेत उभे राहणारा खुळा आणि ती मोडणारा शहाणा, असा धडा तो तेथून शिकून गेला, तर तोच धडा घेऊन तो उद्या शिधापत्रिकेच्या, दवाखान्याच्या आणि नोकरीच्या रांगेपाशी येईल. त्या खिडक्यांच्या आत आपण बसलेले असतो. म्हणून रांगेची प्रतिष्ठा राखणे हे आपले काम आहे, इतकेच सांगून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!